सफरचंदाचा बुडखा

१

जिजाबाईचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "ताई, माह्यं झाड नाई राह्यलं," एवढंच बोलली आणि तिने फोन ठेवून दिला. ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त धास्ती वाटली. चहा तसाच टाकला आणि स्कूटी काढली. मागून आमचे बंडोपंत म्हणाले, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आता तरी लोकांची झाडं लोकांना सांभाळू दे. त्यांना उत्तर देत बसले असते तर दुपार झाली असती.

किरनापूरच्या अलीकडे डाव्या हाताला कच्चा रस्ता फुटतो, तिथे बाबूलाल गजभिये आणि जिजाबाईचं घर. घरामागे फर्लांगभर अंतरावर त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि कोपऱ्यातल्या बांधीच्या धुऱ्याला, मातीच्या वरंब्याला, लागून ते झाड. सफरचंदाचं. जूनमध्ये आमच्या बालाघाटात पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तिथे सफरचंद! आणि तेही बाजारातून आणलेलं कलम नव्हे. नऊ वर्षांपूर्वी जिजाबाई भीमजयंतीला नागपूरला बहिणीकडे गेली होती. तिथे सफरचंद कापलं तर आतल्या एका बीला मोड आलेला. तो मोड ओल्या रुमालात गुंडाळून तिने बसने गावी आणला आणि लावला. गाव खूप हसलं. मग झाडाला फळं लागली आणि गाव गप्प झालं.

चौथी शिकलेली ही बाई त्या झाडामुळे कुठल्या कुठे गेली. बचत गटाची अध्यक्ष झाली, विहारात माईक धरून बोलायला लागली, शाळेची पोरं रांगेने तिचं झाड बघायला यायची. बियाचं झाड म्हणजे जगात दुसरं तसं नाही, म्हणजे नवीन वाण. म्हणून या वर्षी मीच तिचा नोंदणीचा अर्ज भरला. वाणाचं नाव लिहिलं 'जिजा'. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोन शास्त्रज्ञ तपासणीला येणार होते.

मी पोचले तेव्हा झाड बांधीत आडवं पडलं होतं. पानं अजून हिरवी, फांद्यांना वीस-बावीस फळं तशीच लटकलेली. खोड करवतीने बुडाच्या जरा वर कापलेलं. आणि झाड जिथे उभं होतं तिथे काहीच नव्हतं. भोवतीचा मातीचा ओटा फोडलेला, खालचा बुडखा मुळासकट खणून नेलेला, आणि त्या जागी सपाट जमीन.

जिजाबाई धुऱ्यावर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, फळं ठेवले, फांद्या ठेवल्या. बुडखा काहून नेला असन?"

नोकरीची तीस वर्षं मी उद्यान खात्यात घालवली, पण असला चोर मी पाहिला नव्हता.

२

जिजाबाईचा संशय ठरलेला होता. शेजारच्या बांधीचा मालक भैयालाल. दोन वर्षांपासून त्याची कटकट चालू होती की झाडाच्या सावलीने त्याच्या कडेचं धान पिवळं पडतं. शिवाय त्याची सब्बल, खणायची लोखंडी पहार, धुऱ्यापाशीच पडलेली सापडली होती. दुपारी जेवण झालं की ठाण्यात जाऊन रिपोर्ट लिहायची, असं तिने जाहीर करून टाकलं. बाबूलाल बाजूला उभा होता. त्याने हौ म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. डोळे लाल झालेले. मला वाटलं, रडला असेल बिचारा. बायकोच्या झाडाला त्याच्याइतकं कुणी जपलं नव्हतं. ओटासुद्धा त्यानेच पहिल्या वर्षी बांधला होता, विहारातल्या पिंपळाला आहे तसा, आणि दर दिवाळीला स्वतः सारवायचा. खोडाला माती चिकटून राहिली तर साल कुजते, ओटा काढा, असं मी चारदा सांगितलं होतं. पण त्याने ऐकलं नाही.

रात्री कुणी काही ऐकलं का, विचारलं. घरातले सगळे झोपले होते, कुलर चालू होता. भैयालालकडेही कुलर चालू होता. जूनमध्ये या जिल्ह्यात कुलरच्या आवाजात दरोडासुद्धा पडून जाईल.

भैयालालला गाठलं तर तो आधी भडकला. सब्बल गावभर फिरते म्हणाला, कोण नेते, कोण आणते, मी काही चौकीदार आहे का. मग जरा थंड झाला आणि एक गोष्ट बोलला, ती माझ्या डोक्यात बसली.

"मॅडम, मले तरास वरच्या फांद्यायचा होता. त्या मी कापल्या असत्या, मान्य. पण सावली काय बुडखा देते? दोन घंटे खणून मी तो काहून नेऊ?"

बोलणं उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. ज्याला झाड नको होतं त्याचं काम करवतीनेच झालं असतं.

मग राहिला दुलीचंद. लालबर्र्याचा नर्सरीवाला. मागच्या वर्षी येऊन तो जिजाबाईचं झाड बघून गेला होता आणि कलमासाठी फांद्या मागत होता. जिजाबाईने दिल्या नाहीत. नोंदणी झाली की सरकारच्या हातून देईन, असं तिने ठणकावलं होतं. मी पडलेल्या झाडाभोवती फिरून एकेक फांदी तपासली. एकही टोक छाटलेलं नव्हतं. म्हणजे ज्याला वाण पळवायचा होता त्याने वाण इथेच टाकला होता आणि बिनकामाचं मूळ उचलून नेलं होतं.

मी पर्समध्ये दोन फळं टाकली आणि लालबर्र्याला निघाले. निघताना जिजाबाईला सांगितलं, मी येईपर्यंत ठाण्यात जाऊ नकोस. ती म्हणाली, "चार वाजेपर्यंत थांबतो. मंग नाई."

३

दुलीचंद मला बघून हसला नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी तो गिऱ्हाइकाला आधी हसतो, मग रोप विकतो. झाड कापलं म्हटल्यावर खरंच हळहळला. फांद्या चोरल्या का म्हणून मी स्पष्ट विचारलं, तर मला घेऊन नर्सरीच्या मागच्या बाजूला गेला. तिथे सफरचंदाची मोठी झाडं ओळीने उभी होती. मी चाटच पडले. माझं आयुष्य आंबा, लिंबू आणि पेरूत गेलं. सफरचंद हे थंड मुलखाचं फळ, पेटीतून येतं, एवढंच आमच्या वेळी शिकवलं होतं.

त्याने माझी शिकवणीच घेतली. काश्मिरी आणि शिमल्याच्या सफरचंदाला हिवाळ्यात हजार-हजार तास कडक थंडी लागते, ती इथे कुठून येणार. पण कमी थंडीत भागवणारे वाणही आहेत. डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवर निघालं, जिथे थंडी म्हणजे नुसतं नाव. एचआरएमएन नव्याण्णव हिमाचलच्याच, पण खालच्या, उन्हाळी भागातलं. आणि ॲना इस्रायलचं, वाळवंटाच्या शेजारचं. आता या तिन्हींची कलमं देशभर गरम जिल्ह्यांत गेली आहेत.

मी पर्समधलं फळ काढलं. त्याने ते ॲनाच्या झाडाखाली, लटकलेल्या फळाशेजारी धरलं. तोच लांबट आकार, हिरव्या-पिवळ्या अंगावर एकाच बाजूला लाली, देठाजवळ तसाच खोल खड्डा. मग दोन्ही कापून मला चव घ्यायला लावली. डोळे मिटून सांगता आलं नसतं कुठलं कोणाचं.

"हे तो ॲनाच हाय मॅडम," दुलीचंद म्हणाला. "मेरेकू इसकी डाली कशाला पायजे? माझ्यापाशी ढीग हाय. मागच्या साली मागितली ते बस देखने के लिये की बाई काय म्हणते."

सफरचंदाच्या बीतून आईसारखं फळ कधी येत नाही. आंब्याची कोय लावल्यासारखंच ते, दर बी निराळी निघते. नागपूरच्या बाजारातल्या शिमल्याच्या सफरचंदाची बी लावून त्यातून हुबेहूब इस्रायलचं ॲना निघणं अशक्यच. ॲना मिळतं ते फक्त कलमातून. दुसऱ्याच्या मुळावर ॲनाची काडी बांधलेली असते, आणि तो सांधा खोडाच्या बुडाशी जन्मभर गाठीसारखा दिसतो.

आता बुडखा कशाला नेला ते कळलं. पुरावा त्यातच होता.

मी दुलीचंदला विचारलं, नऊ वर्षांपूर्वी किरनापूरच्या बाजूला ॲनाचं कलम कुणाला दिलं होतं? त्याने पाण्याचा पाईप उचलला आणि आधीच ओल्या असलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालायला लागला.

"मॅडम, आदमी ने हाथ जोडके बोला था, किसीको मत बताना. आता तुमीच समजा."

४

परत येताना मी स्कूटी दोनदा थांबवली. मला कुणाचं तरी तोंड फोडावंसं वाटत होतं आणि कुणाचं ते मला माहीत होतं. पण नुसतं माहीत असून चालत नाही, पुराव्याने सांगावं लागतं.

तीन वाजून गेले होते. जिजाबाई आत साडी बदलत होती, ठाण्यात जायला. तिची सून दीपिका हिने मला पाणी दिलं. भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो होता. जिजाबाईचा मुलगा लोकेश आणि ती, हळदीच्या अंगाने, झाडाखाली उभे, आणि फांदीला फळं. मी तारीख विचारली. दोन हजार एकोणीसचा जून, दीपिका म्हणाली, या घरात आली तवापासूनच झाडाले फळ आहे.

बी लावली दोन हजार सोळाच्या एप्रिलात. तीन वर्षांत फळ! बियाच्या सफरचंदाला सहा-सात वर्षं लागतात, कधी दहा. तीन वर्षांत धरतं ते कलम. मी हे झाड पहिल्यांदा पाहिलं ते सहाव्या वर्षी, म्हणून मला कधी शंका आली नाही. शंका यायला हवी होती. अर्जावर माझी सही आहे.

दीपिकाला आणखी एक विचारलं. बी लावल्यावर सासूबाई कुठे गेल्या होत्या का? ती म्हणाली, तेव्हा तिचं लग्न झालं नव्हतं, पण घरात सगळे सांगतात, मोठ्या नणंदेचं बाळंतपण होतं, आई मे ते सप्टेंबर भंडाऱ्याला होत्या. रोपाला पाणी बाबा घालत होते. आल्या तर रोप मांडीएवढं झालेलं, तेव्हा आईने बाबांचे पाय धरले होते म्हणे.

मी उठून मागे बांधीत गेले. सकाळी बघूनही न बघितलेली गोष्ट आता नीट बघितली. खड्डा बुजवलेला होता, आणि नुसता ढकलून नाही. माती पायाने तुडवून दाबली होती. खणताना धुऱ्याची कड ढासळली होती, तिथे ओल्या चिखलाने लिंपून हाताने गुळगुळीत केलं होतं. बोटांचे ठसे वाळले होते. धुऱ्याला भोक राहिलं की बांधीतलं पाणी फुटून जातं, हे इथल्या प्रत्येक माणसाच्या हाडात मुरलेलं असतं. पण परक्याच्या धुऱ्याला कोण चिखल लिंपत बसतो? चोरी करायला आलेला माणूस खड्डा तसाच टाकून पळतो. ज्याच्या धानाचं पाणी त्या धुऱ्यावर अडतं, त्याचेच हात न सांगता त्या कामाला लागतात.

मी अंगणात आले तेव्हा जिजाबाई पायात चप्पल घालत होती आणि बाबूलाल खाटेवर बसला होता.

५

मी म्हटलं, जिजा, चप्पल काढ. भैयालालने काही केलेलं नाही.

मग सकाळपासूनचं सगळं एकेक करून सांगितलं. सावलीचा वैरी वरचं कापतो. वाण चोरणारा फांद्या नेतो. हे दोन्ही सोडून बुडखा नेला तो त्याने, ज्याला बुडावरची गाठ दाखवायची नव्हती. बुडाकडे उद्या शास्त्रज्ञ बघणार, ओटा काढून मुळापासून तपासणार, हे मी परवा याच अंगणात सांगितलं. ऐकायला तीनच माणसं होती. जिजाबाई, दीपिका आणि बाबूलालभाऊ. ओटा कुणी बांधला? माझं ऐकून काढला का नाही? पाच महिने रोपाला पाणी कोण घालत होतं? आणि धुऱ्याला चिखल कुणी लिंपला?

बाबूलालने आपले हात मांडीखाली दाबले. मला वाटलं नाकारेल. पण तो उठला, तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगाकडे गेला आणि खालून पोत्यात बांधलेला बुडखा ओढून आणला. अंगणाच्या मधोमध ठेवला. बुडापासून वीतभर वर ती गाठ होती, फुगलेली, आडवी, लहान पोरालाही दिसेल अशी. तो जाळणार होता म्हणे, पण जाळवला नाही.

मग तो बोलला. जिजाबाई भंडाऱ्याला गेली आणि मे महिन्यातच रोप करपलं. दोन दिवस तो लालबर्र्याला धान विकायला गेला होता, पाणी राहिलं. तिला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. दुलीचंदकडे गेला, सफरचंदाचं एक कलम उचललं, शेंडा छाटून लहान केलं आणि त्याच खड्ड्यात लावलं. पहिल्या पावसाळ्यानंतर सांगू म्हटलं, मग फळ आल्यावर सांगू म्हटलं, मग शाळेची पोरं यायला लागली. पुढे सांगण्यासारखं राहिलंच नाही.

"तुले आनंद झालता," तो जिजाबाईला म्हणाला. "तो मोडवला नाई मले."

माझा संताप झाला. मी म्हटलं, आणि भैयालालला ठाण्यात नेलं असतं तर? तेव्हाही गप्पच बसला असतात ना? तो बुडख्याची माती नखाने काढत राहिला. म्हणजे बसला असता.

जिजाबाई बुडख्याजवळ खाली बसली. गाठीवरून बोट फिरवलं. मी तिला तीन-चार वर्षं ओळखते. नवऱ्यावर ओरडेल, पोरासोरांना बोलावेल, कपाळ बडवेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "कोणा-कोणाले मालूम होतं?"

दुलीचंदला, बाबूलाल म्हणाला. मग म्हणाला, लोकेशले बी. दीपिकाने पदर तोंडाला लावला. तिलाही माहीत होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. म्हणजे ज्या घरात जिजाबाई रोज झाडाची गोष्ट सांगायची, त्या घरात ती गोष्ट खरी मानणारी ती एकटीच होती.

"विहारात मी माईक धरून बोलत होती," ती म्हणाली, "तवा तुमी सामने बसून ताया वाजवत होते."

टाळ्या मीही वाजवल्या होत्या, पण मी निदान खरं समजून वाजवल्या होत्या. तिने चप्पल काढून ठेवली आणि भैयालालच्या घराकडे अनवाणीच गेली. माफी मागायला गेली, हे मला नंतर कळलं.

६

दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञ अकराच्या ऐवजी बाराला आले. त्यांना रात्रीच फोन करून सगळं सांगते, अर्ज मागे घेते, असं मी म्हटलं होतं. जिजाबाई नाही म्हणाली. येऊ द्या, माह्या तोंडानं सांगन.

तिने तसंच केलं. आलेल्या दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, बुडखा समोर आणून ठेवला आणि मोडक्या हिंदीत उभ्याने सगळं सांगितलं. बियाचं रोप मेलं, हे कलम आहे, ॲना आहे, 'जिजा' म्हणून काही नाही, तुमची फेरी वाया गेली. आवाज एकदाही कापला नाही. अंगणात बचत गटाच्या बायका जमल्या होत्या.

मोठे शास्त्रज्ञ भला माणूस. ते म्हणाले, वाण नवा नसला तरी एवढ्या उन्हात, धानाच्या चिखलाशेजारी, ॲना नऊ वर्षं जगलं आणि फळलं, हीसुद्धा नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. इथल्या शेतकऱ्यांना उपयोगी पडेल. लावणाऱ्याचं नाव आम्ही अहवालात घालू. त्यांनी पेन काढलं आणि जिजाबाईकडे बघितलं.

बाबूलाल मागे खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याला वाटलं, काहीतरी वाचलं. पुढे येऊन म्हणाला, हो साहेब, लिहा, जिजाबाई गजभिये.

"नाई," जिजाबाई म्हणाली. "बाबूलाल गजभिये लिहा. झाड यायनंच लावलं."

त्याने हात जोडले. नको म्हणाला, बायकांच्या देखत म्हणाला, तुह्याच साठी केलं सगळं. तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. आदल्या दिवसापासून तिने त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"माह्यं मेलं हे सांगतलं असतं तं मी रडली असती आन् दुसरं लावलं असतं. तेही मेलं असतं तं तिसरं. एक जगलं म्हून मी नऊ वर्षं दुसरी बी मातीत टाकलीच नाई. नऊ वर्षांत एखादं तं माह्यं जगलं असतं."

साहेबांनी स्पेलिंग विचारून बाबूलालचं नाव लिहून घेतलं.